प्रश्न समजला नाही

नवतप्याचा तिसरा दिवस.
आयटी पार्कच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
कूलरची ताटी वाळून खडखडते,
आणि मी उघडते रोजची यादी:
सहायकाला काल न समजलेले प्रश्न.

समजलेले माझ्याकडे येत नाहीत.
त्यांना उत्तर मिळतं, लिंक मिळते,
हात जोडलेलं चित्र मिळतं.
माझ्याकडे येतात

"माह्या बुडीचा दाखला कई भेटन"
"घराच्या पाटीवर २७४, टॅक्सच्या पावतीवर २४७,
मंग मी रायतो कोणत्या घरात?"
"साहेब बसले का?"

या शेवटच्याला सहायकाने कार्यालयीन वेळ सांगितली,
पावणेदहा ते सव्वासहा.
माणूस म्हणाला, "ते मालूम आहे गा. बसले का?"

माझं काम एवढंच, प्रत्येकापुढे खूण करायची:
भाषा. टंकलेखन. विषयाबाहेर.
उत्तर द्यायची परवानगी नाही.
एका खुणेचे चाळीस पैसे,
आणि महिन्याला पाच नवे शब्द सुचवता येतात.

बाबा पाचपावलीत मागावर बसायचे.
म्हणायचे, चांगल्या सुताकडे कोन पायते पोरी,
तुटलं तिथं बोट गेलं पायजे.
हे मी मुलाखतीत सांगितलं नाही.
मुलाखत दोन मिनिटांची होती.

४४१६ पहिल्यांदा आली फेब्रुवारीत.
फोनचे शेवटचे चार आकडे, बाकी फुल्या.
रात्री एक वाजून चाळीस.
"नवरा वाडी नाक्यावरून ट्रकवर गेला.
वापस नाही आला. कोणता फॉर्म?"

कृपया सेवा निवडा.
१ जन्म. २ मृत्यू. ३ विवाह.

"३ झालं. २ नाही झालं."

मला हा प्रश्न समजला नाही.

मी खूण केली: विषयाबाहेर.
मग चहा प्यायले. चहा चांगला होता.

नंतर ती दर आठवड्याला.
मार्चमध्ये तिने नाव दिलं, रेवाराम मरस्कोल्हे,
निळा शर्ट, डाव्या भुवईवर खोक,
जणू सहायक नाक्यावर जाऊन हाकच मारणार होता.
एप्रिलमध्ये लिहिलं,
"फॉर्मात विधवा आहे, परित्यक्ता आहे.
मले सोडून नाही गेला. कामाले गेला."

मे महिन्याचे माझे शब्द:
बुडी. कई. भेटन.
गा, हा नामंजूर झाला; कारण, अर्थ नाही.
पाचवा मी दिला: वापस नाही आला.
हे तीन शब्द आहेत, चंदनखेडे सर म्हणाले.
माणूस वाईट नाही.
डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणाले,
जोडून लिही मग.

वापसनाहीआला.

आज यादीत ४४१६ शेवटची.
एकच ओळ. तिच्या वरचं सगळं
सहायकाला समजलेलं, म्हणून माझ्यापासून झाकलेलं.
मी उघडून पाहिलं, जे करायचं नसतं.

"वापस नाही आला. कोणता फॉर्म?"

पोलीस ठाण्यातील नोंदीची प्रत जपून ठेवावी.
सात वर्षे खबर नसल्यास
न्यायालयाकडे मृत्यूची घोषणा मागता येते.
ही माहिती उपयुक्त वाटली का?
होय. नाही.

तिने दोन्ही दाबलं नाही.
बारा मिनिटं कोरी.
मग ती ओळ, यादीतली:

"पाच झाले. मंधात आला
तं मोजणं बंद करता येते ना?"

भाषा नाही.
टंकलेखन नाही, एक काना सुद्धा चुकलेला नाही.
तिसऱ्या खुणेवर बाण थरथरतो;
माऊस जुना आहे.

किती राहिले, सर विचारतात.
एक, मी म्हणते,
आणि कूलरमध्ये पाणी घालायला उठते.